ट्यूब ॲम्प, मॉडेलर आणि खालच्या मजल्यावरच्या काकू

आमच्या घरातली सगळ्यात कुरूप वस्तू म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेला राखाडी रंगाचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. पत्र्याची पेटी, वर हँडल, पुढे एक लाल दिवा, आणि चालू केला की सारखं आपलं ऊंऊंऊं. बायको त्याला "तुझा गिझर" म्हणते. तपकीर गल्लीतून वाइंड करून आणलाय, २३० चे १२० वोल्ट करतो, कारण माझा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर (त्यालाच ट्यूबही म्हणतात) चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, अमेरिकेतला आहे. मामेभाऊ न्यूजर्सी सोडून कायमचा परत आला तेव्हा म्हणाला की हा घेऊन जा, माझ्याकडे पडूनच आहे. १५ वॉटचा, दोन ईएल८४ व्हॉल्व्हवाला, १२ इंची स्पीकरचा छोटा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. त्याने व्हॉल्व्ह काढून पायमोज्यात गुंडाळून केबिन बॅगेतून आणले होते आणि बाकीचा डबा चेक-इनमध्ये टाकला. सिक्युरिटीला ते मोजे उघडून दाखवताना त्याची जी काही फजिती झाली ती तो अजून प्रत्येक लग्नात सांगतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा. नाशिकला इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो, गेल्या वर्षभरात गिटारवर हात बराच बसलाय त्याचा. त्याचा मेसेज आला, "मामा, तीस हजार जमलेत. सेकंडहँड ट्यूब ॲम्प घेऊ ना? मॉडेलर घेतला तर सगळे म्हणतात फील येत नाही." (मॉडेलर म्हणजे अशा ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र.) मी त्याला उत्तर टाइप करायला लागलो, ते इतकं लांबलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकतो.

तर पहिली गोष्ट, आवाज. टोन नाही म्हणत मी, आवाज म्हणजे शुद्ध ढणाढण या अर्थी. ट्यूब ॲम्पची जी चव म्हणतात ना, ती येते पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारे शेवटचे व्हॉल्व्ह) जरा तापवल्यावर, म्हणजे व्हॉल्यूम बऱ्यापैकी वर गेल्यावर. आता माझा ॲम्प १५ वॉटचा. ऐकायला १५ म्हणजे काय, शून्याचा बल्ब त्याहून थोडा कमी वॉटचा असतो. पण गिटारचे १२ इंची स्पीकर १ वॉटला १ मीटरवर साधारण ९७ डेसिबलच्या आसपास वाजतात, कधी जास्तच. त्यात १५ वॉट घातले की ते जातं १०९ वर. आणि आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मी फोनवरच्या ॲपने हॉलमध्ये मोजून बघितलं (ॲप काही फार अचूक नसतं, मान्य), व्हॉल्यूमचा नॉब ४ वर असतानाच आकडा शंभरच्या पुढे गेला आणि मग बेल वाजली. खालच्या काकू. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "काही पडलं का रे वरती? मला वाटलं कपाट पडलं."

मी फक्त ई कॉर्ड वाजवली होती.

मग प्रत्येकाला सुचतं तेच मलाही सुचलं, की कमी वॉटचा घ्यावा. १ वॉटचे ट्यूब ॲम्प मिळतात की! पण कान असा सरळ हिशोब करत नाही ना. वॉट अर्धे केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात, जेमतेम कळतं. आवाज "अर्धा झाला" असं वाटायला वॉट दहापट कमी करावे लागतात. म्हणजे माझ्या १५ चा दीड वॉट केला तर तो अर्धा मोठा वाटेल, आणि १०० डेसिबलच्या जवळपासच राहील. १ वॉटचा ॲम्पसुद्धा फ्लॅटमध्ये फुल सोडला तर काकू वर येणारच, फक्त या वेळी कपाटाऐवजी टेबल पडलं का विचारतील. यावर उपाय म्हणून ॲटेन्युएटर आणि लोड बॉक्स असतात, ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसून पॉवर पिऊन टाकणारे. चालतात ते, पण चांगले घ्यायचे तर ॲम्पएवढे पैसे जातात, आणि स्पीकर गप्प केल्यावर निम्मी मजा गेलीच. त्यावर पुढे येतो.

आता व्हॉल्व्हवाले काका. हे मला सांगायचंच होतं.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी लाईट गेली, सोसायटीचा जनरेटर लागला, परत लाईट आली, परत गेली, आणि मी मूर्खासारखा या सगळ्यात वाजवत बसलो होतो. ट्रान्सफॉर्मरचं कसं असतं, त्याचं गुणोत्तर ठरलेलं. २३० चे १२० करतो म्हणजे २५० आले तर १३० देणार. मग व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ च्या जागी ६.८ च्या पुढे वोल्ट, प्लेटचे वोल्ट त्याच प्रमाणात वर, आणि जनरेटर लागताना काय झटका बसतो ते देवालाच माहीत. एका व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झाली. नेहमीचा नारिंगी उजेड असतो तो फिलामेंटचा, तो चांगला. काचेच्या आत निळसर झाक दिसते, तीही बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण मधला करडा धातू, म्हणजे ती प्लेट, लाल व्हायला लागली की ताबडतोब बंद करायचं असतं. माझं लक्ष जाईपर्यंत फ्यूज उडाला.

पुण्यात गिटारचे ट्यूब ॲम्प दुरुस्त करणारं कोण मिळेल म्हणून चार-पाच लोकांना विचारलं. एकाने सांगितलं नवीनच घे, एकाने सांगितलं मुंबईला पाठव. शेवटी ऑफिसमधल्या एकाचे वडील म्हणाले की नारायण पेठेत एक गृहस्थ आहेत, रेडिओ दुरुस्त करायचे, आता बंद केलंय पण बघा. गेलो. जुना वाडा, लाकडी जिना, वर खोलीत कपाटभर रेडिओ, त्यात ठाण्याला बनलेले मर्फी होते दोन-तीन. काका सत्तरीच्या बरेच पुढचे. मी म्हटलं, गिटारचा ट्यूब ॲम्प आहे. ते म्हणाले, "ट्यूब म्हणजे ट्यूबलाईटची. याला व्हॉल्व्ह म्हणतात." इथेच आमचं जमलं.

मागचं झाकण उघडून त्यांनी दोन मिनिटं नुसतं बघितलं. डावा हात खिशात. सवय आहे म्हणाले, एक हात खिशात ठेवला की करंट छातीतून जात नाही. मग एक रेझिस्टर लावून मोठ्या कपॅसिटरमधलं चार्जिंग काढून टाकलं, कारण प्लग काढला तरी आत तीनेकशे वोल्ट बसून राहिलेले असू शकतात (हे मी भाच्यासाठी मुद्दाम लिहितोय, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत हात घालू नकोस, खरंच सांगतो). आणि मग म्हणाले, "अहो, हा तर रेडिओच आहे. फक्त स्टेशन लागत नाही."

हे ऐकून मी हसलो, पण घरी आल्यावर विचार केला तर शंभर टक्के बरोबर. ईएल८४ हा व्हॉल्व्ह रेडिओच्या आउटपुटलाच वापरायचे, मोठ्या रेडिओंत, रेडिओग्राममध्ये. पुढचा, म्हणजे गिटारचा बारका सिग्नल आधी मोठा करणारा १२एएक्स७, ज्याला युरोपात ईसीसी८३ म्हणायचे, तोही त्याच घराण्यातला. गिटार आणि ॲम्प बनवणारा लिओ फेंडर स्वतः कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, १९३८ पासून. त्याने जे सर्किट केलं ते त्याच्या ओळखीच्या सामानातून केलं. मग १९५९ च्या आसपासचा त्याचा बेसमन नावाचा ॲम्प, जो खरं म्हणजे बेस गिटारसाठी होता, तो लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या लोकांनी समोर ठेवून १९६२ ला आपला पहिला ॲम्प बनवला, जेटीएम४५. रॉकचा आवाज म्हणून आपण ज्याच्यापुढे हात जोडतो त्याचं मूळ असं एका रेडिओवाल्याच्या दुकानात सापडतं. नारायण पेठेतसुद्धा होऊ शकला असता म्हणायला हरकत नाही, फक्त गिऱ्हाईक नव्हतं.

काकांनी ड्रॉवर उघडला. आत कागदाच्या खोक्यांत व्हॉल्व्ह. बीईएलचे! भारत इलेक्ट्रॉनिक्स, बेंगळुरू, म्हणजे आता रडार वगैरे करते ती सरकारी कंपनी. साठच्या दशकापासून त्यांच्याकडे रेडिओचे व्हॉल्व्ह बनायचे. मला हे माहीतच नव्हतं, आणि परदेशातले लोक हे जुने बीईएल शोधून शोधून घेतात हे नंतर कळलं. काकांनी एक ईसीसी८३ लावला, ॲम्प चालू करून पेन्सिलच्या मागच्या टोकाने काचेवर टिचकी मारली. स्पीकरमधून टिण्ण आवाज आला. "हा बोलतो," म्हणाले, "नको." दुसरा लावला, तो गप्प बसला. मायक्रोफोनिक, म्हणजे धक्का लागला की स्वतःच वाजणारा, व्हॉल्व्ह ओळखायची ही पद्धत मी इंटरनेटवर वाचली होती, पण त्या शब्दात कोणी सांगितलं नव्हतं. हा बोलतो.

आणि मग मी गिटार लावून वाजवून दाखवली, जरा फाटलेल्या आवाजात. काका डोळे बारीक करून ऐकत होते. म्हणाले, "आम्ही जन्मभर आवाज फाटू नये म्हणून मरमर केली. तुम्ही फाटावा म्हणून पैसे देता?"

देतो की. आणि सगळी गंमत त्या फाटण्यातच आहे. गिटारमधून येणारा सिग्नल अगदी बारका, वोल्टचा दहावा भाग वगैरे. पहिला व्हॉल्व्ह त्याला पन्नासेक पट मोठा करतो, पुढचा अजून, आणि एका मर्यादेनंतर व्हॉल्व्हला झेपत नाही. पण तो एकदम कात्रीने कापल्यासारखं कापत नाही, आधी दबतो, मग गोलाई घेत कापतो. त्यात पॉवर सप्लायचीही दमछाक होते, जोरात स्ट्रोक मारला की वोल्टेज क्षणभर खाली जातं आणि परत सावरतं, त्यामुळे नोट आधी दबून मग फुलून येते. याला सॅग म्हणतात. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचं आपसात काहीतरी चाललेलं असतं, स्पीकरचा रोध प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो आणि व्हॉल्व्ह ॲम्प त्याला बळी पडतो, म्हणून खालचा दणका आणि वरचा चकचकीतपणा दोन्ही वाढतात. एका भागाची चूक दुसऱ्यावर, त्याची तिसऱ्यावर. एकत्र कुटुंब आहे ते.

डिजिटल मॉडेलर काय करतो तर हे सगळं कुटुंब गणितात बसवतो. दोन रस्ते आहेत. एकात सर्किटमधला एकेक भाग घेऊन त्याची समीकरणं सोडवायची, म्हणजे नॉब फिरवला की खऱ्यासारखं सगळंच बदलतं. दुसऱ्यात खऱ्या ॲम्पला वेगवेगळे सिग्नल पाठवायचे, बाहेर काय येतं ते ऐकायचं आणि त्याची नक्कल शिकायची. हा दुसरा म्हणजे फोटो. ज्या नॉबवर काढलाय तिथे हुबेहूब, पण नॉब हलवला की अंदाजपंचे. केम्पर कंपनीने साधारण २०११-१२ ला ही पद्धत गाजवली, नंतर न्यूरल नेटवर्कवाले आले, आणि आता न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे जे लॅपटॉपवर चालतं. फुकट! आम्ही कॉलेजात असताना प्रत्येक होस्टेलच्या मजल्यावर एक झूम ५०५ (गिटारच्या इफेक्टचा पेडल) असायचा आणि तो आम्ही लावायचो थेट अहुजाच्या ॲम्प्लिफायरला, गणपतीच्या मांडवातला भोंगा असतो तो. गांधीलमाशीचं पोळं फुटल्यासारखा आवाज यायचा आणि आम्हाला वाटायचं पेडलच तसा आहे. बिचाऱ्या पेडलचा काय दोष, गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही वाजवतच नाही, तो स्वतःच एक गाळणी असतो, आणि आम्ही गाळणी काढून चहा पीत होतो. आज ती गाळणी आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणून फाईलमध्ये मिळते, ४०-४५ मिलिसेकंदांचा तुकडा फक्त, एखाद्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला. माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरच्या गिटारवाल्यासाठी सगळ्यात मोठा फरक या तुकड्याने पडला, ॲम्पच्या मॉडेलने नाही.

बरं, आता खरंच फरक कळतो का? मी नुसतं वाद घालण्यापेक्षा करून बघितलं. आमच्या बँडचा बेसिस्ट (बँड म्हणजे चार चाळिशीतले लोक, महिन्यातून दोनदा कर्वेनगरच्या एका बेसमेंटमध्ये) याच्याकडे एक छोटा, पेडलएवढा पॉवर ॲम्प आहे. माझा जुना मॉडेलर त्याला लावला आणि तो लावला माझ्याच कॉम्बोच्या स्पीकरला. म्हणजे स्पीकर तोच, माइक तोच, आवाजाची पातळी मोजून सारखी केली. एकदा ट्यूब, एकदा मॉडेलर, असे दहा तुकडे रेकॉर्ड केले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला उलटसुलट क्रमाने पाठवले.

दहापैकी चार बरोबर. नाणं उडवलं असतं तर पाच आले असते.

मग मी म्हटलं, छे, ऐकून नाही, वाजवून कळतं. पुढच्या वेळी डोळ्यावर रुमाल बांधून वाजवत होतो आणि तो मागे केबल बदलत होता. या वेळी सात बरोबर. पण त्यातले दोन मी ॲम्पच्या नुसत्या हिस्स आवाजावरून ओळखले, वाजवायच्या आधीच, म्हणजे ती फसवणूकच. जे खरे ओळखले ते गिटारचा व्हॉल्यूम अर्धा कमी केल्यावर. ट्यूबवर आवाज कसा स्वच्छ होत जातो, पाण्यातला गाळ खाली बसावा तसा, ते मॉडेलरमध्ये किंचित कमी आलं. माझ्या मॉडेलरमध्ये, जो दोन पिढ्या जुना आहे. आणि लोक म्हणतात तो लॅग? मॉडेलरचा उशीर दोन-तीन मिलिसेकंद असतो, तेवढा तर ॲम्पपासून एक मीटर लांब उभं राहिलं तरी आवाजाला पोचायला लागतो. स्टेजवर चार मीटरवर उभे राहणारे लोक घरी बसून तीन मिलिसेकंदांची तक्रार करतात तेव्हा मला हसू येतं.

मला या सगळ्यातून जे समजलं ते असं, की "फील येत नाही" म्हणणारे आम्ही सगळे हेडफोनमधल्या मॉडेलरची तुलना खोलीत दणदणणाऱ्या १२ इंची स्पीकरशी करत होतो. मॉडेलर देतो तो आवाज माइकने टिपलेल्या ॲम्पचा, रेकॉर्डवर असतो तसा. आणि आपण ट्यूब म्हणून जो आठवतो तो पायाला लागणारा वारा, पोटात बसणारा धक्का, नोट धरून ठेवली की स्पीकरच्या आवाजाने तार परत थरथरायला लागते ते. यात व्हॉल्व्ह किती आणि नुसता मोठा आवाज किती? मी म्हणेन बारा आण्याच्या वर मोठा आवाजच. ज्या दिवशी तोच मॉडेलर त्याच स्पीकरमधून त्याच ढणाढण पातळीवर वाजवला त्या दिवशी पायाला वारा लागलाच.

आता याची उलटी बाजू पण मला नीट भोवलीय. कॉलेजच्या रियुनियनला वाजवायचं होतं. मी महिनाभर रात्री हेडफोन लावून मॉडेलरमध्ये प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवायची सेटिंग, बनवले, बायको-पोरं झोपल्यावर, काय सुंदर आवाज, खाली गुबगुबीत, वर चकाकी. कार्यक्रमाच्या दिवशी थेट मिक्सरला लावलं आणि पहिल्याच गाण्यात गिटार गायब. म्हणजे आवाज होता, बेसच्या खाली गाडलेला, आणि सोलो आला की एकदम कानात सुई. याचं कारण कान. हळू आवाजात आपल्याला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो, आणि मग तेच मोठ्या आवाजात वाजलं की सगळं ओसंडून वाहतं. मधले सूर, जे हेडफोनमध्ये नाकातले आणि घाणेरडे वाटतात, तेच बँडमध्ये गिटार ऐकू आणतात. तर प्रीसेट जिथे वाजवायचाय तिथल्या आवाजात बनवायचा, हे मी भर कार्यक्रमात, दोनशे लोकांसमोर शिकलो. ट्यूब ॲम्पवर हे होत नाही कारण तिथे हळू वाजवायची सोयच नसते, हा हा.

मोठे लोक काय करतात हे उदाहरण म्हणून सांगतो, कारण भाच्याला मेटालिका हा मेटल बँड आवडतो. डिसेंबर २०१३ मध्ये ते अंटार्क्टिकात वाजवायला गेले. तिथे उघड्यावर स्पीकर लावायचे नाहीत अशी अट, पर्यावरणासाठी, म्हणून ॲम्पच्या भिंती नव्हत्या, ॲक्स-एफएक्स नावाचे मॉडेलर होते आणि प्रेक्षक हेडफोन घालून बसले. नंतर टूरवरही ते मॉडेलर घेऊन फिरायला लागले. म्हणजे पेंग्विनना जे नियम तेच आमच्या खालच्या काकूंना, हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगायला हरकत नाही. स्वतः फेंडर कंपनीनेच २०१९ ला डिलक्स रिव्हर्ब या आपल्या ट्यूब ॲम्पची डिजिटल आवृत्ती काढली, बाहेरून तीच, आत व्हॉल्व्ह नाहीत. ट्यूबवाला साधारण १९ किलो आणि हा साधारण साडेदहा. माझ्या कमरेने कोणाच्या बाजूने मत दिलं असतं हे सांगायला नको.

पैशांचं पटकन सांगतो, कारण त्यात फार काही नाही. ट्यूब ॲम्प एकदा घेतला की संपलं असं नसतं, पॉवरचे व्हॉल्व्ह रोज वाजवलं तर वर्ष-दोन वर्षांत बदलावे लागतात, आणि गिटारच्या कामाचे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ ला युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यातीवर बंदी घातली त्यात व्हॉल्व्ह पण सापडले आणि भाव भडकले होते. उलट मॉडेलर जुना होतो फोनसारखा. पाच वर्षांनी निम्म्या किमतीला जातो, मेला तर कोणी उघडून बघत नाही, बोर्डच बदला म्हणतात. नारायण पेठेतले काका त्याच्याकडे बघून म्हणाले होते, "यात मी काय करू? यात काही आहेच कुठे?" आणि माझा ॲम्प ज्या सर्किटवर चालतो ते त्यांनी न बघता कागदावर काढून दिलं. हा मुद्दा मला अजून टोचतो, खोटं कशाला बोला.

अजून एक टोचणारी गोष्ट. मॉडेलर घेतल्यावर पहिले तीन महिने मी गिटार वाजवली नाही, मेन्यू वाजवला. पन्नास ॲम्प, शंभर कॅबिनेट, माइक दोन इंच डावीकडे, माइक दोन इंच उजवीकडे. रात्री ११ ला बसायचो आणि १ वाजता लक्षात यायचं की एकच रिफ वाजवलाय, तोही तपासायला. ट्यूब ॲम्पला नॉब सहा, त्यातला रिव्हर्ब सोडला तर मी हलवतो ते दोन. आता मी मॉडेलरमध्ये चार प्रीसेट ठेवलेत, बाकी सगळे पुसले, आणि एडिटरचं ॲप फोनवरून उडवलं. तेव्हापासून बरं चाललंय.

तर भाच्या, उत्तर. तू होस्टेलवर आहेस. पार्टनर रात्री झोपतो. तीस हजारात सेकंडहँड ट्यूब ॲम्प मिळाला तरी त्याला तू २ च्या वर नेऊ शकणार नाहीस, आणि २ वर असलेला ट्यूब ॲम्प म्हणजे चौथ्या गिअरची गाडी पार्किंगमध्ये फिरवणं. बॉसचा कटाना किंवा तसलाच एखादा मॉडेलिंगवाला कॉम्बो बघ, ज्याला खरा १२ इंची स्पीकर आहे, अर्ध्या वॉटवर पण नीट वाजतो, हेडफोन लागतो, यूएसबीने लॅपटॉपला लागतो. स्पीकर मात्र हवाच, नुसता हेडफोनवर शिकू नकोस, हात खोटं बोलायला शिकतात. उरलेल्या पैशात गिटारचं सेटअप नीट करून घे, तुझ्या बाराव्या फ्रेटवर तार किती वर आहे ते मी दिवाळीत बघितलंय. आणि ज्यांना फील येत नाही म्हणायचंय त्यांना म्हणू दे, त्यातल्या निम्म्यांना मी दहा तुकडे पाठवायला तयार आहे.

माझं काय, तर मी दोन्ही ठेवलेत, आणि हे शहाणपण म्हणून सांगत नाहीये, जागा खातात आणि बायको रोज विचारते. मॉडेलर रोज रात्री वापरतो. ट्यूब आता भोरजवळ आमच्या गावच्या घरी नेऊन ठेवणार आहे, तिथे शेजार म्हणजे एक गोठा आणि त्यापुढे नुसतं शेत. मागच्या महिन्यात नेऊन बघितला, नॉब ७ वर. म्हशींनी एकदा मान वर करून बघितलं आणि परत वैरणीत घातली. गडी मात्र येऊन विचारून गेला, "दादा, मोटर जळली का?"

तिथे वोल्टेज १९० पासून २५० पर्यंत कुठेही असतं, त्यामुळे आधी चांगला स्टॅबिलायझर बघायला लागेल. काकांना फोन केला होता, म्हणाले बाजारातला नको, माझ्याकडे एक जुना पडलाय, रविवारी ११ नंतर या, १ ते ४ झोपतो.

ट्रान्सफॉर्मर पण जातोय गावाला. बायकोला अजून सांगितलं नाही, हॉलचा कोपरा रिकामा झाला की तिथे काय येणार हे तिने आधीच ठरवून ठेवलेलं असणार.